ताराचंद पराते यांची दुसरी पेशी

ताराचंद पराते नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कारखान्यातून रिटायर झाले, त्यांचा सत्कार झाला, शाल-नारळ मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस पुन्हा हिंगण्याला हजर! गोळीबार चौकातून कंपनीची बस निघाली की तिच्या मागे ताराभाऊंची मोटारसायकल. बस थांबली की हे थांबणार, बस निघाली की हे निघणार. बसच्या ड्रायव्हरला आधी वाटलं, आपल्यावर कोणीतरी पाळत ठेवून आहे. मग ओळख झाली, तेव्हापासून तो आरशातून हात करायला लागला.

त्या बसमध्ये ताराभाऊंची एकुलती एक पोरगी असायची, रोशनी. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात ती माल तपासायच्या खात्यात होती. ती गेटातून आत गेली की ताराभाऊ समोरच्या टपरीवर बसायचे ते थेट तिची शिफ्ट सुटेपर्यंत. तर्री-पोहे, चहा, पेपर, पुन्हा चहा. शिफ्टवर जाणारे जुने सोबती गाडी थांबवून विचारायचे, "ताराभाऊ, रिटायर झाला का सस्पेंड झाला गा?" ताराभाऊ हसून वेळ मारून न्यायचे. खरं कारण चारचौघांत सांगायला त्यांना आवडायचं नाही.

खरं कारण असं होतं की रोशनीला शाळेत असल्यापासून टाइप वन डायबेटिस. तिच्या शरीरात इन्सुलिन बनणं तेव्हाच बंद पडलं होतं, आणि तेव्हापासून इंजेक्शन हाच आधार. तेही निभलं असतं. पण शुगर खाली उतरायला लागली की इतरांना घाम फुटतो, हात थरथरतात, शरीर आधी सूचना देतं. रोशनीला इतक्या वर्षांच्या आजारानंतर ती सूचना मिळेनाशी झाली होती. बोलता बोलता ती सरळ खाली कोसळायची. एकदा कारखान्याच्या जिन्यावरच कोसळली, आणि त्याच दिवशी ताराभाऊंनी ठरवलं, रिटायर झालो की टपरीवरचं बाकडं धरायचं.

आता गंमत बघा. रोशनीला स्वतःला जे कळायचं नाही, ते बापाला कळायचं. एरवी ही पोरगी बापाला 'तू' म्हणणारी, 'बाबा, तुले काही समजत नाही' असं तोंडावर सांगणारी. पण शुगर उतरू लागली की एकदम सभ्य व्हायची. "बाबा, आपण बसा ना. आपण चहा घेतला का?" हे 'आपण' कानावर पडलं की ताराभाऊंचा हात शर्टाच्या खिशातल्या ग्लुकोजच्या पुडीवर गेलाच म्हणून समजा. म्हणून कामाच्या मधल्या सुट्ट्यांत रोशनीनं फोन करायचा, असा घरचा नियम होता. ती काय बोलते याच्याशी ताराभाऊंना देणंघेणं नसायचं, ती 'तू' म्हणते की 'आपण' एवढंच ते ऐकायचे. पोरीनं मान दिला की बापाच्या छातीत धडकी भरते, असं त्यांच्या तांडापेठ वस्तीत हे एकच घर असावं.

हिंगणा सोडलं तर ताराभाऊंचं दुसरं जाण्याचं ठिकाण म्हणजे कोर्ट. नागपुरात कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणतात, आणि ताराभाऊंना पेशी वारसाहक्कानं मिळाली होती. त्यांचे वडील विणकर. घरासमोर माग, बाजूला एक लांब सरळ बोळ, आणि त्या बोळात साडीच्या उभ्या धाग्यांचा ताणा पसरून ते त्याला खळ म्हणून पेज लावायचे. शेजारच्या पटल्यांनी बोळात भिंत काढली, ताण्याला जागा पुरेना, वडील कोर्टात गेले. पुढे माग बंद पडला, माग विकला गेला, वडील गेले, भिंत बांधणारे पटलेही गेले. दावा मात्र ठणठणीत! आता वादी ताराचंद पराते, प्रतिवादी ओमप्रकाश पटले. ओमप्रकाश यांचं इतवारीत धान्याचं दुकान, आणि त्यांची तांदळाची पोती त्याच बोळात रचलेली. दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही असं कोणी सांगितलं नव्हतं, पण केस सुरू आहे तोवर बरं दिसत नाही म्हणून ते बोलत नसत.

ताराभाऊंनी एकही पेशी चुकवली नव्हती. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा, डबा घ्यायचा, सिव्हिल लाइन्सला जायचं, व्हरांड्यात उभं राहायचं. शिपाई पुकारायचा, "ताराचंद पराते हाजीर होऽ!" हे छाती पुढे काढून ओरडायचे, "हाजीर आहो जी!" मग कधी समोरचा वकील आजारी, कधी साहेबांची बदली. पुढची पेशी मिळायची आणि डबा खाऊन ताराभाऊ घरी यायचे. बायको अंजू म्हणायची, "तुम्ही केस लढून राहिले का सहलीले जाऊन राहिले?" खरं तर तो एक 'हाजीर आहो जी' त्यांना फार आवडायचा. सरकारच्या घरी आपलं नाव एवढ्या मोठ्यानं घेतात, ही काय लहान गोष्ट आहे?

असा हा माणूस एका सकाळी हिंगण्याच्या टपरीवर बसला होता. समोरून ट्रक जात होते, टपरीवाल्याचा स्टोव्ह भरभरत होता, आणि फोन वाजला.

"रोशनी पराते यांचे वडील का?" कोणी मुलगी बोलत होती. "रामदासपेठेतून बोलतेय. मूलपेशीसाठी रोशनीचं नाव आलंय. मंगळवारी सकाळी या. जुने सगळे कागद आणा. सही लागेल. आणि एक साक्षीदार आणा, घरातला नको, बाहेरचा."

स्टोव्हच्या आवाजात ताराभाऊंना जे ऐकू आलं ते असं: मुलीची पेशी. मुलीचं नाव आलंय. कागद, सही, साक्षीदार.

त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. आजवर जी पेशी आपल्यापुरती होती, ती आता पोरीच्या मागे लागली? आणि लावली कोणी? हे एकाच माणसाचं काम! त्या दिवशी पहिल्यांदा, कोर्टाची तारीख नसताना, ताराभाऊंनी बाकडं सोडलं. टपरीवाल्याला बजावलं, पोरीकडे लक्ष ठेव, आणि मोटारसायकल थेट इतवारीत आणली. हातगाड्या, टेम्पो, हमाल यांच्यातून वाट काढत ते ओमप्रकाश पटल्यांच्या दुकानासमोर उभे राहिले आणि गिऱ्हाइकांदेखत कडाडले, "माह्यावर केस होती तोवर ठीक होतं. पोरीले काहून ओढता त्याच्यात?"

ओमप्रकाश गादीवर बसून तांदूळ हातात घेऊन पाहत होते. ते तांदूळ तसेच मुठीत राहिले. "कोण्या पोरीले?"

"माह्या रोशनीले! पेशी लागली तिची!"

"ताराभाऊ, होश में आहा का? ते पोरगी मले काका म्हणते. मी तिच्यावर केस करीन?" ओमप्रकाश खरोखर दुखावले होते. "केस तुमच्या बाबांनी माह्या बाबांवर केली. मी तर आजवर कोणावरच नाही केली."

हे शंभर टक्के खरं होतं, त्यामुळे ताराभाऊंची पंचाईत झाली. इतक्या वर्षांनी बोलणं झालं आणि ते असं झालं. तणतणतच ते बाहेर पडले आणि तिथून वकिलांकडे गेले.

वकील संघपाल हे शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नोटीस आली का?"

"फोन आला."

"कोर्ट फोन नाही करत ताराभाऊ. कोणतं कोर्ट?"

"रामदासपेठ."

"रामदासपेठेत कोर्ट कुठं आहे?"

"असंन एखादी लोकअदालत. पत्ता मोबाइलवर पाठवला न त्यायनं. दवाखान्याच्या वर, तिसरा माळा."

संघपाल वकिलांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या इतक्या वर्षांच्या वकिलीत दवाखान्याच्या वर भरणारी लोकअदालत त्यांनी ऐकली नव्हती. पण मंगळवारी त्यांना दुसरं काम नव्हतं, आणि हे प्रकरण काय आहे ते बघायची उत्सुकताही होती. "येतो मी," ते म्हणाले.

घरी ताराभाऊंनी चकार शब्द काढला नाही. पोरगी घाबरली तर तिची शुगर वरखाली होईल, ही काळजी. मंगळवारी रोशनीच्या कंपनीला सुट्टी होती, ती झोपलेली असतानाच पांढरा शर्ट घालून, कागदांची पिशवी घेऊन ते निघाले. डबासुद्धा घेतला.

रामदासपेठेतल्या त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर रितिका यांची खोली होती. तरुण बाई, मधुमेहावरच्या एका संशोधनाची नागपुरातली जबाबदारी त्यांच्यावर. दार उघडून बघतात तो समोर पांढरा शर्ट घातलेला एक संतापलेला गृहस्थ आणि त्याच्या शेजारी काळ्या कोटातला वकील.

"कुणाची काही तक्रार आहे का?" त्यांनी जपून विचारलं.

"ते तुम्ही सांगा. केस तुम्ही केली," ताराभाऊ म्हणाले.

"मी? कुणावर?"

"माह्या पोरीवर. रोशनी पराते. पेशी हाये न आज तिची?"

डॉक्टर रितिकांनी टेबलावरचा एक कागद ओढला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'मूलपेशी' असं लिहिलं आणि तो ताराभाऊंसमोर धरला. ताराभाऊंनी वाचलं. वकिलांनी वाचलं. आणि सगळ्यात आधी हसू फुटलं ते वकिलांना. काळा कोट हलायला लागला, डोळ्यांतून पाणी आलं, "ताराभाऊ, ही ती पेशी नाही हो!" एवढंच ते कसंबसं म्हणाले. डॉक्टरही हसू लागल्या. ताराभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांना अजून पूर्ण कळलं नव्हतं, आणि अर्धवट कळल्यावर हसायची त्यांना सवय नव्हती.

"मग ही कोणती पेशी?" ते म्हणाले.

"आपलं शरीर ज्यांचं बनलंय त्या," डॉक्टर म्हणाल्या. "कातडीच्या वेगळ्या, रक्ताच्या वेगळ्या, इन्सुलिन बनवणाऱ्या वेगळ्या. रोशनीच्या शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्याच मेल्या. आता मूलपेशी म्हणजे अशी पेशी, जिचं काय व्हायचं ते अजून ठरलेलं नसतं. ती यातलं काहीही होऊ शकते."

"म्हणजे दहावी पास झालेलं पोरगं," ताराभाऊ म्हणाले. "कोण्या लाइनले जाते पत्ता नाही."

"अगदी तसंच! प्रयोगशाळेत त्या पोराला आठवडेच्या आठवडे एकेक गोष्ट खाऊपिऊ घालून इन्सुलिनच्या लाइनला लावतात. तयार झाल्यावर त्या पेशी नसेवाटे यकृतात सोडायच्या. तिथे त्या टिकल्या, रुजल्या, तर साखर बघून इन्सुलिन बनवायला लागतात. आपल्या आपण."

"आपल्या आपण?" ताराभाऊ उठून उभे राहिले. "इंजेक्शनशिवाय?"

"परदेशात काही रुग्णांमध्ये असं झालंय. आणि ज्यांना शुगर उतरल्याचं कळत नाही, अशांनाच आम्ही यात घेतोय."

ताराभाऊ खाली बसले. पुन्हा उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले. पोरीच्या हातात पहिल्यांदा सुई दिली त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे जन्मभराचं आहे. जन्मभर हा शब्द ते तेव्हाच गिळून बसले होते, आणि आज ही बाई तो परत काढायला सांगत होती. त्यांना आनंद झाला, इतका झाला की भीतीच वाटली.

डॉक्टरांनी भीतीचंही काही लपवलं नाही. हे संशोधन आहे, हमी नाही. बाहेरून आलेल्या पेशींना शरीर शत्रू समजेल, म्हणून शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं रोज घ्यावी लागतील. साधा सर्दी-ताप महागात पडू शकेल. धुळीपासून, गर्दीपासून जपावं लागेल. आणि पेशी रुजल्याच नाहीत, असंही होऊ शकेल.

"आणि पेशंट कुठे आहे?" त्यांनी शेवटी विचारलं. "नाव तर तिनंच दिलंय. तपासण्याही तिनंच करून घेतल्या. त्या दिवशी तिचा फोन लागेना म्हणून तुम्हाला केला. तुम्हाला माहीत नाही?"

ताराभाऊंना माहीत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी मैत्रिणीकडे जाते म्हणून जी पोरगी आईला सोबत घेऊन जायची, ती इथे येत होती. म्हणजे अंजूलाही ठाऊक होतं! सगळ्या घराला पेशी ठाऊक, आणि आयुष्यभर पेश्या केलेल्या माणसालाच नाही.

घरी आल्यावर त्यांनी आवाज चढवला नाही, हेच अंजूला जड गेलं. ते गादीवर बसले आणि म्हणाले, "मी हे होऊ देणार नाही. जशी हाये तशी हाये. मी बसतो न तिकडं. जिंदगीभर बसीन."

अंजू काही बोलणार, त्याआधी रोशनी समोर येऊन बसली. "बाबा, तू बसतं, मले मालूम हाये. उन्हात बसतं, पावसात बसतं. मी आतून खिडकीतून पाहतो तुले." ती आणखी जवळ सरकली. "पण तुह्या मागं कोण बसन गा टपरीवर?"

खरं सांगायचं तर हाच प्रश्न ताराभाऊ स्वतःला रोज बाकड्यावर बसून विचारायचे, आणि चहा मागवून टाळायचे.

"तू लय भारी प्रश्न विचारतं वं," ते शेवटी म्हणाले. "वकील व्हायले पाहिजे होतं तुनं. सांग, कधी जायचं?"

संमतीच्या वेळी बाहेरचा साक्षीदार लागणार होता, तो आयताच मिळाला होता. संघपाल वकिलांनी सगळी कलमं रोशनीला मोठ्यानं वाचून दाखवली, जिथे शंका आली तिथे डॉक्टरांना थांबवलं, आणि मग सही केली. "आजवर सह्या खूप केल्या," ते ताराभाऊंना म्हणाले, "पण अशी साक्ष पहिल्यांदा दिली."

मग जी धावपळ सुरू झाली ती विचारू नका. घर धुतलं गेलं, पडदे बदलले. अंजूनं शेजारपाजारच्यांना दारातूनच बोलायला लावलं. ताराभाऊ आता दिसेल त्याला मूलपेशी समजावून सांगत सुटले. टपरीवर, पानठेल्यावर, बसच्या ड्रायव्हरला, सगळीकडे तेच दहावीचं पोरगं! रिटायर झालेला फिटर अर्ध्या हिंगण्याला शरीरशास्त्र शिकवू लागला. ऐकणाऱ्यांना किती कळायचं कोण जाणे, पण त्यांच्या तोंडाकडे बघून लोकांना आनंद व्हायचा.

एकच गोष्ट त्यांच्या जिवाला लागून होती. बोळात रचलेल्या ओमप्रकाशांच्या पोत्यांची धूळ. पोती चढवली-उतरवली की भुसकट थेट रोशनीच्या खिडकीत यायचं. डॉक्टरांनी धुळीपासून जपायला सांगितलेलं. पण सांगणार कसं? इतवारीत जाऊन ज्याच्या अंगावर ओरडून आलो, त्याच्याकडे आता विनंती कोणत्या तोंडानं करायची?

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या सकाळी बोळात आवाज झाला. ताराभाऊंनी खिडकीतून पाहिलं तर हमाल पोती उचलून टेम्पोत भरत होते आणि ओमप्रकाश स्वतः हातात पाण्याचा पाइप घेऊन बोळ धूत होते. वर न बघताच ते म्हणाले, "अंजूवहिनीनं सांगतलं घरी. माल दुकानात ठेवतो. पोरगी बरी होईस्तोवर इथं एक दाणा नाही येणार." आणि मग जरा थांबून, "केस चालू राहू द्या. ते वेगळं."

ताराभाऊंना काही तरी चांगलं बोलायचं होतं. पण त्यांच्या तोंडून निघालं, "तिकडं कोपऱ्यात राहून गेलं जरा." ओमप्रकाशांनी कोपराही धुतला.

तो दिवस उजाडला. पेशी आल्या त्या एका लहानशा पिशवीतून. ताराभाऊंनी काचेतून पिशवी पाहिली आणि अंजूला कोपरानं ढोसलं, "एवढ्याशा?" आत रोशनी जागी होती. पोटाच्या बाजूनं बारीक सुई घालून, पडद्यावर बघत बघत डॉक्टरांनी त्या पेशी आत सोडल्या. चिरफाड नाही, काही नाही. बाहेर ताराभाऊंनी हात जोडले होते, आणि कोणत्या देवाचं नाव घ्यावं ते न सुचून ते सरळ पेशींनाच सांगत होते, "बसा बाप्पा, नीट बसा. जागा मोकळी हाये."

मग वाट बघणं आलं. रोशनी घरी आली. तिच्या दंडावर एक छोटं बटण लावलं होतं, ते शुगरचा आकडा मोबाइलवर दाखवायचं. औषधांनी तिला मळमळ व्हायची, तोंडाला चव नव्हती, पण ती रडली नाही. ताराभाऊ तिच्या समोर बसून मोबाइलकडे असे बघायचे की अंजूनं एकदा तो हातातून काढूनच घेतला. आकडा कधी वर जायचा, कधी खाली. पेशी रुजल्या की नाही, ते त्यावरून कळणार नव्हतं. ते कळणार होतं एका तपासणीतून. शरीर जेव्हा स्वतः इन्सुलिन बनवतं, तेव्हा त्याच्यासोबत सी-पेप्टाइड नावाचा एक तुकडा बनतो. इंजेक्शनच्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. रोशनीच्या रक्तात तो आधी औषधालाही सापडला नव्हता. आता सापडला, तर आत काम सुरू झालं. नाही सापडला, तर एवढा सगळा खटाटोप वाया.

आणि त्या तपासणीचा दिवस नेमका कोर्टाच्या पेशीचा दिवस निघाला!

संघपाल वकिलांनी आधीच बजावून ठेवलं होतं. या वेळी ताराभाऊंची उलटतपासणी होती, आणि नव्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता आणखी मुदत नाही. वादी हजर राहिला नाही तर दावा खारीज. ताराभाऊंनी ठरवलं, रोशनीला रामदासपेठेत सोडायचं, रक्त द्यायचं, आणि तसंच सिव्हिल लाइन्सला निघायचं. रिपोर्ट काय, फोनवर कळेल. पांढरा शर्ट घातला, डबा घेतला.

रक्त दिलं. मग गोड पेय प्यायला दिलं, पुन्हा रक्त घेतलं. आता निकालाची वाट. ताराभाऊ उठायचे, दारापर्यंत जायचे, परत येऊन बसायचे. मास्क लावलेली रोशनी त्यांची ही येरझार बघत होती. शेवटी ती म्हणाली, "बाबा, आपण कोर्टात जा ना. आपल्याले उशीर होईल."

आपण!

ताराभाऊंचा हात खिशात गेला, पुडी बाहेर आली, फाडलीसुद्धा. "खा! आधी खा!" रोशनीनं त्यांचा हात धरला आणि मोबाइल त्यांच्या डोळ्यांसमोर नाचवला. आकडा अगदी व्यवस्थित होता. मास्कच्या वर तिचे डोळे हसत होते.

"लो नाही झाली गा मी. मस्करी करून राहिली."

"अशी मस्करी नोको करत जाऊ वं," ताराभाऊ म्हणाले, आणि फाटकी पुडी हातात घेऊन तिच्या शेजारी बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता आपण उठणार नाही. बाबांनी टाकलेला दावा, ती भिंत, तो बोळ, सगळं तिकडे सिव्हिल लाइन्सला त्यांची वाट बघत होतं. पण तो बोळ कसा होता, हे आठवायला गेल्यावर त्यांना बाबांचा ताणा दिसला नाही. पाइप घेऊन कोपरा धुणारे ओमप्रकाश दिसले.

"तू जाऊन नाही राहिला का?" रोशनीनं विचारलं.

"गाडीत पेट्रोल नाही," ताराभाऊ म्हणाले. टाकी सकाळीच भरली होती, आणि रोशनीनंच पंपावर टोपण धरलं होतं.

तेवढ्यात डॉक्टर रितिका येताना दिसल्या. त्या चालत नव्हत्या, जवळजवळ पळत होत्या, आणि हातातला कागद त्यांनी दुरूनच वर केला. "आहे!" त्या म्हणाल्या. "रोशनी, सी-पेप्टाइड आहे! पेशी काम करताहेत!"

रोशनी उभी राहिली आणि तशीच खाली बसली. डॉक्टर पुढे बरंच काही सांगत होत्या. प्रमाण अजून कमी आहे, इन्सुलिन लगेच बंद होणार नाही, औषधं चुकवायची नाहीत, अजून खूप तपासण्या बाकी आहेत. रोशनी मान हलवत होती आणि तिचा मास्क भिजत होता. ताराभाऊंना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी फाटक्या पुडीतलं ग्लुकोज सगळं स्वतःच्या तोंडात टाकलं. इतकी वर्षं खिशात बाळगलेली ती चीज चवीला कशी असते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

आणि फोन वाजला. संघपाल वकील कोर्टाच्या व्हरांड्यातून दबक्या आवाजात बोलत होते. "ताराभाऊ, कुठे आहात? दोनदा पुकारा झाला. तिसऱ्यांदा झाला की संपलं. साहेबांना काय सांगू?"

"सांगा, पेशी हाजीर हाये!" ताराभाऊ एवढ्या जोरात ओरडले की नर्स खोलीतून बाहेर आली.

"कोणती पेशी?"

"माह्या रोशनीची, वकील साहेब! हाजीर झाली! काम करून राहिली!"

पलीकडे काळ्या कोटातला तो शांत माणूस व्हरांड्यात ओरडताना ऐकू आला, "ओमप्रकाशजी! हाजीर झाली! रोशनीच्या पेशी हाजीर झाल्या!" मग ओमप्रकाशांचा आवाज आला, "क्या बात करते!" मग नुसताच गलका. आणि त्या गलक्यावरून, फोनमधून, शिपायाची खणखणीत आरोळी ताराभाऊंच्या कानी आली. ती तिसरी होती.

"ताराचंद पराते हाजीर होऽऽ!"

ताराभाऊंनी रोशनीचा हात हातात घेतला, छाती पुढे काढली, आणि रामदासपेठेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरून, जागचे न हलता उत्तर दिलं, "हाजीर आहो जी!"